पैशाचा परिणाम की कामाचा? कापसावर तपासा

पैशाची चणचण डोक्याची ताकद खाते, असं सांगणाऱ्या लेखातला २०१३ चा तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास रोचक आहे. तोडणीआधी हात तंग असताना आकृत्यांच्या कोड्यांत तेच शेतकरी मागे पडले, तोडणीनंतर सुधारले. दुसऱ्यांदा कोडी सोडवताना सरावानंच जमलं असेल, ही शंका येतेच, पण संशोधकांनी काही शेतकरी राखून ठेवून तोडणीनंतरच पहिल्यांदा तपासले होते. ते काम चोख.

माझी अडचण वेगळी. डोकं हलकं झालं ते पैशानं, की शेतातली कटकट संपल्यानं? उसात हे दोन्ही लागोपाठ येतं. आमच्या धुळे-जळगावकडे कापसावर ते वेगळं काढता येईल. वेचणी उरकते, पण भावाच्या आशेनं कापूस घरातच पडून. काम संपलं, पैसा नाही (वर घरातल्या कापसानं अंगाला खाज!).

तोच शेतकरी तीनदा तपासा: वेचणीआधी, कापूस घरात असताना आणि खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) विकून रोकड हातात आल्यावर. दरवेळी कोडी नवी. विकलेले आणि न विकलेले यांची नुसती तुलना नको, कारण माल थांबवू शकतो तो मुळातच बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. सोसायटीचं कर्ज कोणावर किती, हेही नोंदवा. मधल्या फेरीतच गुण वाढले, तर पैशाचा सिद्धांत लंगडा पडेल. रावेर-यावलची केळी मात्र यात घेऊ नका, तिथं कापणी वर्षभर चालूच असते.