बिचाऱ्या ऑपरेटरचा विचार करा

सकाळी राजवाड्यावर उभ्याउभ्या पोहे खाताना तुमचा फोन वाजतो. बोटाची शेव झटकून बघता तर मेसेज: ‘कल अपर सर्किट पक्का. टार्गेट १४०.’ म्हणजे अमुक शेअर उद्या दिवसाच्या कमाल भावाला टेकणार आणि पुढे १४० रुपयांवर जाणार. तुम्ही मेसेज पुसून टाकता आणि पोह्यांवर थोडं जास्त जीरावण मागून घेता. इंदूरच्या मराठी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. ज्याने तो मेसेज पाठवला तो ऑपरेटर, म्हणजे शेअरचा भाव आपल्या हाताने चढवणारा माणूस. त्याच्याकडे लाखो शेअर पडून आहेत. ते तुम्ही घेतले नाहीत तर त्याने जायचं कुठे?

त्याचे कष्ट आपल्याला दिसत नाहीत. आधी तो एक कंपनी शोधतो. तिचं ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या आणि एक कॅलेंडर, शेअर तीन रुपयांचा. भाव हलू नये म्हणून महिनोन्महिने थोडेथोडे शेअर गोळा करतो. मग मेहुण्याच्या, ड्रायव्हरच्या, मेहुण्याच्या ड्रायव्हरच्या नावाने उघडलेल्या खात्यांमध्ये आपापसात खरेदी-विक्री सुरू. सकाळी याने विकायचे, त्याने घ्यायचे. दुपारी त्याने विकायचे, तिसऱ्याने घ्यायचे.

आपल्या बायकांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रामबागेतून निघालेला ब्लाउजपीस लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर करत तीन वर्षांनी पुन्हा रामबागेत येतो. घडी तीच, वरची टाचणीसुद्धा तीच. शेअरबाजारात फरक एवढाच, की प्रत्येक घरातून निघताना चिठ्ठीवरची किंमत पाच टक्क्यांनी वाढते. सर्किटची मर्यादा पाच टक्के असेल तर रोज पाच टक्के; भाव वर जाऊन थांबतो आणि खाली खरेदीदारांची रांग दिसते. त्या रांगेत बहुतेक तोच मेहुणा असतो. आलेख बघितला तर खजराण्याच्या गणपतीला दंडवत घालायला निघावं तसा सरळ वर.

पण ब्लाउजपीस असा किती दिवस फिरवणार? कुणीतरी तो शिवायला टाकणारा लागतो. तो मान तुमचा.

तुम्हाला शोधायला खर्च येतो. मार्च २०२३ मध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, काढलेला एक आदेश आहे, यूट्यूबवरच्या व्हिडिओंबद्दलचा. एका छोट्या टीव्ही कंपनीला अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने चार भक्तिपट काढायला अकराशे कोटी देऊ केले, असं त्या व्हिडिओंत सांगितलं होतं. चार भक्तिपट, अकराशे कोटी! एवढी कल्पनाशक्ती आमच्या नाट्यस्पर्धेत असती तर परीक्षकांना झोप लागली नसती. लोकांनी व्हिडिओ बघून शेअर घेतले, आणि आदेशात म्हटल्याप्रमाणे त्याच सुमारास आधीपासून शेअर धरून बसलेले लोक ते विकत होते. विकणारच. विकायलाच तर घेतले होते.

तेव्हा अशा माणसाचा अपमान होईल असं काही करू नका. उदाहरणार्थ, कंपनीला खरंच एवढं मोठं कंत्राट मिळालं असेल तर तिने ते आधी स्टॉक एक्स्चेंजला कळवायला हवं, आणि एक्स्चेंजच्या वेबसाइटवर ते फुकट वाचता येतं. वाचू नका. शेअर निगराणीच्या यादीत आहे का, तेही तिथेच दिसतं. बघू नका. सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागणं तर फारच वाईट. सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने, आणि सेबीच्या साइटवर नाव जुळतंय का ते दोन मिनिटांत कळतं. कुणी क्रमांक पाठवलाच तर तो दुसऱ्याचा असू शकतो. पण आपण लग्नाची पत्रिका आणणाऱ्याकडे आधारकार्ड मागतो का?

मी मागितलं नव्हतं. फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर नाव आलं, मी ३८ रुपयांनी दोन हजार शेअर घेतले. दोन दिवस माझ्याइतका हुशार माणूस सबंध माळव्यात नव्हता. तिसऱ्या दिवशी लोअर सर्किट. मी विकायला टाकले, घेणारा शून्य. चौथ्या दिवशी आणखी पाच टक्के खाली. रोज नऊ वाजता, आंघोळीआधी, मी विक्रीची ऑर्डर टाकून रांगेत उभा. माझ्यापुढे साडेचार लाख शेअर, माझा नंबर येतोय कशाला. एकोणीस दिवसांत ३८ चे सव्वाचौदा झाले. बायको म्हणाली, “रोज सकाळी एवढ्या भक्तीने मोबाइल हातात घेता, निदान एखादं स्तोत्र तरी लावा.”

आमच्या साडूंचं प्रकरण मात्र फार वरच्या दर्जाचं. त्यांनी साधा ऑपरेटर नाही गाठला, सबंध संस्थाच गाठली. व्हॉट्सअ‍ॅपवर १८० जणांचा ग्रुप, वर एक ‘प्रोफेसर’, आणि हाताशी एक असिस्टंट मॅडम. कोल्हापूरचे कुणी, जबलपूरचे कुणी रोज संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून प्रोफेसरांना वंदन करायचे. १८० पैकी १७५ जण एकाच खोलीत बसलेले असावेत, हे साडूंना पुढे कळलं. त्या वेळी त्यांना कळत होतं ते एवढंच, की मॅडम सकाळी न चुकता विचारतात, “सर, बीपीची गोळी घेतली का?” त्यांचे दोन्ही मुलगे पुण्यात. गोळीबद्दल विचारणारं घरात कुणी नव्हतं. हे मी थट्टेत लिहीत नाही.

मॅडमनी एक अ‍ॅप पाठवलं. ते प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून उतरवायचं. ‘संस्थात्मक खातं’, आयपीओत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत, हमखास वाटप, बाजारभावापेक्षा स्वस्त शेअर. पैसे भरायला दर वेळी वेगळं खातं: एकदा अमुक ट्रेडर्स, एकदा तमुक एंटरप्रायझेस, एकदा चक्क किराणा भांडार. आयपीओचे पैसे किराणा भांडारात का, असं मी विचारलं. साडू म्हणाले, “तुम्हाला कळायचं नाही, भाऊसाहेब, हा इन्स्टिट्यूशनल रूट आहे.” १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी सेबीने ‘@’ नंतर ‘व्हॅलिड’ शब्द असलेले यूपीआय पत्ते आणलेत, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. किराणा भांडाराला ही सोय नाही. साखर-रवा तेवढा मिळतो.

सुरुवातीला त्यांनी पाच हजार काढून बघितले. लगेच आले! आम्हा सगळ्यांना छप्पन दुकानांवर नेऊन खोपरा पॅटिस खायला घातलं. त्या पॅटिसवर विसंबून त्यांनी पुढे प्रॉव्हिडंट फंडाचे साडेसहा लाख घातले. अ‍ॅपमध्ये आकडा ४१ लाख. भाचीच्या लग्नाला चार लाख काढायला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “सर, आधी २० टक्के टॅक्स भरावा लागेल.”

साडू एकतीस वर्षं सरकारी लेखा विभागात होते. अख्खं आयुष्य लोकांच्या बिलातून टीडीएस कापण्यात गेलं. ‘टॅक्स आहे तर रकमेतूनच कापून घ्या की’ हे वाक्य त्यांच्या तोंडी रोज असायचं. त्या दिवशी मात्र ते सुचलं नाही. त्यांनी टॅक्स भरला. मग ‘खातं अनलॉक’ करायची फी भरली. मग ग्रुप गेला, प्रोफेसर गेले, मॅडम गेल्या, बीपी तेवढं राहिलं.

यापुढचं त्यांचं वागणं तर प्रत्येक सज्जन फसवणाऱ्याने देव्हाऱ्यात ठेवावं असं. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर, फोन केला असता, तर खात्याखात्यांतून पुढे सरकणारी रक्कम बँकांना कदाचित वाटेत गोठवता आली असती. म्हणून त्यांनी तो केला नाही. महाराष्ट्र साहित्य सभेत लोक काय म्हणतील, या विचारात अकरा दिवस काढले. अकरा दिवसांत पैसा कुठल्या कुठे जातो.

बरं, या क्षेत्रात इंदूरचं नाव जुनं आहे. सर सेठ हुकुमचंदांना कापसाच्या उलाढालींवरून ‘कॉटन किंग’ म्हणत. आपल्याकडे स्वतःचं स्टॉक एक्स्चेंजही होतं. ते बंद झालं तरी परंपरा विजयनगरच्या काचेच्या इमारतींनी टिकवली. सेबीचे सल्लागारांविरुद्धचे आदेश काढून बघा, पत्त्यात इंदूर पुन्हापुन्हा येतं. आमच्या गल्लीतला एक मुलगा अशा ‘अ‍ॅडव्हायझरी’त होता. आधी पाच हजारांचं पॅकेज विकायचं. गिऱ्हाइकाचा तोटा झाला, की ‘सर, रिकव्हरीसाठी प्लॅटिनम घ्या’. प्लॅटिनममध्ये तोटा झाला की डायमंड. परताव्याची हमी देणं नियमात बसत नाही, म्हणून हमी कागदावर नाही, फोनवर द्यायची. सेबीच्या २०२४ च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावाचे सौदे, खेळणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव वैयक्तिक गुंतवणूकदारांना तीन वर्षांत तोटाच झाला, असं निघालं. त्या मुलाच्या दृष्टीने ते ९३ म्हणजे प्लॅटिनमचे संभाव्य ग्राहक. मुलगा आता सराफ्यात मामाच्या भुट्ट्याच्या किसाच्या गाडीवर असतो. म्हणतो, “काका, यात गिऱ्हाईक स्वतः परत येतं.”

माझे दोन हजार शेअर अजून डीमॅटमध्ये आहेत. यंदा संक्रांतीला बायको वाणाची पिशवी घेऊन आली, त्यात एक मोरपिशी ब्लाउजपीस. तिने टाचणी बघितली, हसली, आणि घडी न मोडता तो पुढच्या घरासाठी कपाटात ठेवला. मी फोन उघडून भाव बघितला. दोन रुपये ऐंशी पैसे.

तुम्ही आपले म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. कंपनी चांगली आहे. आतली बातमी आहे. पुढच्या आठवड्यात मोठी घोषणा येतेय, आणि माझ्याकडे फक्त दोन हजारच उरलेत. टार्गेट १४०.