चांदीच्या डबीवरच्या कोरीवकामाबद्दल, दोन तारे देणाऱ्या ग्राहकांना

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. तुमच्या तक्रारी तीन. झाकणाच्या कोपऱ्यातली वेल वळणावर मोडल्यासारखी दिसते, नावाची शेवटची अक्षरं चेंगरली आहेत आणि रेघा कुठे जाड, कुठे बारीक आहेत. पुढे तुम्ही लिहिलंय की हे काम बहुतेक शिकाऊ मुलाच्या हातून झालं असावं. नाही हो. झाकण मी स्वतः कोरलंय, त्यामुळे बोलणी खायची ती मीच.

आधी वेलीचं. तुमचं म्हणणं बरोबर आहे. वेल आत वळत जाते तसा तिचा घेर न अडखळता लहान होत जायला हवा. मध्ये तिळाएवढा तुकडा जरी सरळ गेला, तरी नजर नेमकी तिथेच जाते. डावीकडच्या वेलीत असा तुकडा आहे, आणि तो कोरताना आलेला नाही, आखणीतच होता. नुसता देठ नीट पारखायच्या आधीच मी पानं काढायला घेतली आणि पानांच्या गर्दीत देठाचा दोष लपला. आखणी उलटी धरून पाहिली असती तर तेव्हाच दिसला असता. एरवी पाहतो. त्या दिवशी नाही पाहिली.

दुसरी चूक हत्याराची. वळणाच्या बाहेरच्या कडेला अंधुक घासल्यासारखा पट्टा दिसतो ना, तो कोरणीच्या टाचेचा. टोकाच्या खालच्या अंगाला साधारण 15 ते 20 अंशांत एक छोटीशी सपाटी घासलेली असते, तिला आम्ही टाच म्हणतो. तिच्यामुळे टोक धातूत रुतून न बसता पुढे सरकतं. पण टाच लांब असली, तर घट्ट वळणावर टोक वळतं आणि मागून येणारी टाच बाहेरची कड चेपत जाते. मी घाईत दर वेळी टाचेवरच धार काढत राहिलो, तशी ती वाढत जवळजवळ 1 मिलिमीटरवर गेली होती. बारीक वेलीला अर्धा मिलिमीटरसुद्धा पुष्कळ झाला. आता वेलीची कोरणी वेगळी ठेवली आहे, आणि टाच वाढली की कोरणीचं तोंड, म्हणजे टोकाचा पुढचा तिरपा भाग, घासून ती आखूड करतो.

शिवाय त्याच वळणावर मी मध्येच थांबलोय. कोरणी धरलेला हात जवळजवळ जागेवर ठेवून दुसऱ्या हाताने झाकणच फिरवायचं असतं. मनगट अवघडलं की थांबावं लागतं, पण थांबायचं ते पानाच्या बुडाशी, म्हणजे सांधा झाकला जातो. इथे तो उघड्यावर पडला.

अक्षरांचं कारण इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. पहिल्या अक्षरापासून थेट झाकणावरच आखत गेलो आणि शेवटी जागा पुरेना. त्याआधीची अंतरं डिव्हायडरने मोजून सारखी ठेवली होती, तेही चुकलंच. ‘ट’, ‘ठ’ शिरोरेघेला आखूड देठाने लटकतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आपसूक पडते. पण कान्यापुढे ‘प’ आला की दोन उभ्या रेघा शेजारी येतात आणि तेवढ्याच अंतरात दाटी होते. अक्षरांची जागा डोळ्यांनी लावायची, डिव्हायडर फक्त उंचीसाठी.

जाड-बारीक रेघांबाबत मात्र मी माघार घेणार नाही. 90 अंशांच्या कोरणीने चर जितका खोल, त्याच्या दुप्पट रुंद होतो. वळणाच्या पोटात कोरणी जरा दाबायची, टोकाला हळूहळू उचलत न्यायची, म्हणजे रेघ फुगते आणि निमुळती होत संपते. ते मुद्दाम केलंय. डबी दिव्याखाली थोडी तिरकी करून पाहा, चराच्या तिरप्या भिंती चमकतील. सगळ्या रेघा एका जाडीच्या केल्या तर वेल तारेची वाटते. लेझरने काम साफ झालं असतं असं तुम्ही म्हणता. बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर असता, तर मीच तुम्हाला लेझरकडे पाठवलं असतं.

आता डबीचं. वेल सुधारता येईल. तोच चर किंचित खोल आणि रुंद करत सलग फिरवला, की तो सरळ तुकडा त्यात जिरेल. टाचेचे ओरखडे वरवरचे आहेत, ओपणीने, म्हणजे धातू घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने, दाबून निघतील. अक्षरं मात्र हलवता येत नाहीत. ती पुसायची तर पृष्ठभाग खाली न्यावा लागेल आणि झाकण इतकं पातळ व्हावं हे मला पटत नाही. म्हणून झाकणच नवं करू. चांदी, मजुरी, डबीची ने-आण, सगळं आमच्याकडून. या वेळी नाव आणि वेल आधी कागदावर, खऱ्या मापात आखून तुम्हाला दाखवीन. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच कोरायला घेईन. जुनं झाकण तुम्हाला नको असेल तर माझ्याकडेच राहू द्या, शिकाऊ मुलाला दाखवायचंय.