टीएसएच वाढला म्हणून गोळी सोडू नका

‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झाला. गोळी ताबडतोब बंद करा, रोज धण्याचं पाणी प्या, थायरॉइड मुळापासून जाईल.’ हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या आतेबहिणीला तिसरा महिना आहे. तिने तो वाचून खरंच गोळी बंद केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक पहिलंच वाक्य. टीएसएच हा हार्मोन थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून आणि गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावतो. थायरॉइडने बनवलेलं थायरॉक्सिन हे हार्मोन रक्तात कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते. म्हणजे रिपोर्टमध्ये टीएसएच चढलेला असेल, तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी पडतोय. खालच्याच ओळीत फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) किती आहे, ते कुणी बघत नाही. ज्याला गोळी हवी, नेमकी त्याचीच गोळी हा मेसेज काढून घेतो. आणि गरोदर बाईची? पहिल्या तीन महिन्यांत बाळाला थायरॉक्सिन मिळतं ते आईकडून, त्याच्या मेंदूची वाढ त्यावर होते. या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो!

‘मी गोळी सोडली, आठ दिवस झाले, ठणठणीत आहे’ असे अनुभव खाली जोडलेत. असणारच. शरीरातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्रास नंतर सुरू होतो.

धण्याच्या पाण्यात थायरॉक्सिन नसतं. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: हायपोथायरॉइडिझमवर, म्हणजे थायरॉइड कमी पडण्यावर, लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे हीच गोळी) हाच मुख्य उपचार, सप्लिमेंट्सनी तो करू नये. ‘कोबी खाऊ नका’ असंही सांगितलं जातं; शिजवून खुशाल खा. ‘गोळीने हाडं ठिसूळ होतात’ अशीही भीती घातली जाते; ते डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर खरं आहे; त्यासाठीच तर रक्त तपासतात.

‘वर्षानुवर्षं गोळी खाऊनही टीएसएच उतरत नाही,’ ही तक्रार मात्र मान्य करावी लागेल, कारण ती मी घरोघरी ऐकते. पण बऱ्याचदा गोळी चहाबरोबर घेतलेली असते, नाहीतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांसोबत. मग ती नीट शोषलीच जात नाही. उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, नाश्ता अर्ध्या-एक तासाने करा. गरोदरपणात कॅल्शियम, लोह चालूच असतं. त्या गोळ्या चार तासांनंतर घ्या.