‘इंट्रो’ म्हणजे रॅगिंग नव्हे? खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी सीनियर इंट्रो (नव्या मुलांची ओळखपरेड) घेतात, ती परंपरा आहे. मारहाण झाली नाही तर रॅगिंग होत नाही.’

हे साफ चुकीचं आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्यात शारीरिक त्रासाइतकाच मानसिक त्रासही येतो. भीती, लाज वाटेल असं वागणंसुद्धा. मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडेच बघायचं, सीनियरची जर्नल रात्रभर उतरवायची, हॉस्टेलवर घरून आलेला भरीत-पुरीचा डबा आधी त्यांच्या खोलीत पोचवायचा, हे सगळं ‘शिस्त’ म्हणून खपतं. पोरं वर्षभरात मुकाट राहायला शिकतात, आणि पुढे वॉर्डात वरिष्ठांची चूक दिसली तरी तोंड उघडत नाहीत. अभ्यासक्रमात नसलेला हा धडा भल्याभल्यांच्या अंगवळणी पडतो.

गुन्हा सिद्ध झाल्यास 2 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची असते; टाळाटाळ केली तर तोही अडकतो. (हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.) राष्ट्रीय हेल्पलाइन: 1800-180-5522.