खुलासा: फिनलंड, परीक्षा आणि सुख

‘फिनलंडमध्ये परीक्षाच नसतात, म्हणून तो जगातला सर्वांत आनंदी देश, जास्त शिकलं की सुख घटतं’ असा मजकूर बडोद्यातल्या मराठी पालकांमध्ये फिरतो आहे. पहिला क्रमांक तेवढा खरा: जागतिक आनंद अहवालात 2018 ते 2025 फिनलंडच पहिला होता.

पण तो परीक्षांवरून ठरत नाही. प्रत्येक देशात दरवर्षी साधारण 1000 लोकांना विचारतात: 0 ते 10 अशी शिडी आहे, 10 म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, आज तुम्ही कुठल्या पायरीवर? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी हाच देशाचा गुण. देशांतला फरक उलगडताना उत्पन्न, अडीनडीला धावून येणारं माणूस, निरोगी आयुर्मान, स्वातंत्र्य, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत हे सहा घटक धरतात. शिक्षण त्यांत नाही.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी असा मुळीच नाही. शिक्षणाचा बराच फायदा उत्पन्न आणि आरोग्यातून पोचतो. हिशेबात ते दोन्ही आधीच वेगळे काढले, की शिक्षणाच्या नावावर थोडंच उरतं, कधी उणेही दिसतं. तोच आकडा उचलून ‘शिकू नका’ म्हणणं घातक आहे, आणि 1906 साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या बडोद्यात तर फारच खटकतं.

राहिल्या परीक्षा. फिनलंडमध्ये नववीपर्यंत सर्वांना सक्तीची राष्ट्रीय परीक्षा नसते, वर्गातल्या चाचण्या असतात. व्यवसाय शिक्षण सोडून सर्वसाधारण उच्च माध्यमिकच्या शेवटी मात्र किमान पाच विषयांची राष्ट्रीय परीक्षा द्यावीच लागते.