बर्गर तोच, चौक वेगळा

मिलिंद इटलीहून परत आला आणि कट्ट्यावर टेकल्या टेकल्या म्हणाला, "रोममध्ये सगळ्यात निवांत वेळ कुठे गेला असेल, तर तो स्पॅनिश स्टेप्स या जुन्या पायऱ्यांच्या चौकातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये."

झालं! अनघा उसळलीच. "एवढे पैसे घालून रोमला गेलास आणि बर्गर खाऊन आलास? मग गेलासच कशाला?"

"अगं, पोरं दमलेली, डोक्यावर ऊन, धाकटीला बाथरूमला जायचं होतं. बाहेर टेबलाशी बसलं की बसण्याचे पैसे बिलात वेगळे लावत होते. इथं मेनू कळत होता, भाव समोर लिहिलेला, आणि तासभर बसलो तरी कुणी उठा म्हणालं नाही. बाकी सगळे दिवस तिथलंच खाल्लं आम्ही. एका बर्गरनं माझी इटली बाटली का?"

"तुझी नाही, त्यांची बाटली." अनघा आता मांडी ठोकून बसली. "तू जिथं निवांत बसलास ना, ते १९८६ मध्ये उघडलं तेव्हा रोमचे लोक रस्त्यावर उतरले होते. शेजारीच व्हॅलेंटिनो या फॅशन डिझायनरचं मुख्यालय. तळणाचा वास येतो म्हणून तो कोर्टात गेला. आंदोलकांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात पेन्ने पास्त्याचे वाडगे ठेवले. त्याच रागातून कार्लो पेत्रिनी या इटालियन कार्यकर्त्याची, फास्ट फूडऐवजी स्थानिक अन्नाची बाजू घेणारी स्लो फूड चळवळ वाढली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. आणि तू तिथं पोरांना घेऊन फ्राइज खात बसलास!"

नंदूकाका तोवर ऐकत होते. ते म्हणाले, "पण अनघा, इटलीतलं पहिलं मॅकडोनाल्ड्स रोमचं नव्हे. आदल्या वर्षीच ते बोल्झानोला निघालं होतं. देशभर गाजलं मात्र रोमचं. का? बर्गर तर तोच होता."

काकांचा हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा वाटला, आणि माझं म्हणणं मी तिथंच मांडलं. ज्या चौकाला लोक पिढ्यानपिढ्या आपला समजतात, तिथं कुणाचा फलक लागावा आणि ते कुणी ठरवावं, या प्रश्नावरून लोक पेटतात. बर्गर हे निमित्त. तो राग मला शंभर टक्के रास्त वाटतो. पण तोच राग आत बसून खाणाऱ्यावर काढला, त्याला अडाणी ठरवलं, की सगळं मुसळ केरात.

"मी कुणाला अडाणी म्हटलं नाही," अनघा म्हणाली. पण मिलिंदच्या चेहऱ्याकडे बघून तिचं तिलाच कळलं असावं, कारण तिनं लगेच मोर्चा फ्रान्सकडे वळवला. "जोसे बोव्हे या शेतकरी नेत्याला काय म्हणशील? १२ ऑगस्ट १९९९. मियो नावाच्या गावात मॅकडोनाल्ड्सचं बांधकाम चालू होतं, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणले आणि ते उसकटून टाकलं. बोव्हे त्यासाठी तुरुंगात गेला. त्याच्या खटल्याला गावात हजारोंनी माणसं जमली."

"पण कशासाठी उसकटलं, ते सांग ना," मी म्हटलं. "हार्मोन दिलेल्या गुरांचं अमेरिकी मांस युरोपनं नाकारलं. अमेरिकेनं उट्टं काढायला रोकफोर चीजवर शंभर टक्के आयातकर लावला. बोव्हे मेंढ्या पाळणारा, त्याच्या मेंढ्यांच्या दुधाचं रोकफोर व्हायचं. वॉशिंग्टन लांब होतं आणि बांधकाम हाताशी होतं, म्हणून ते पाडलं. बर्गरच्या चवीचा तिथं काय संबंध?"

काका म्हणाले, "रोकफोरचं गाऱ्हाणं त्यामुळे जगाला कळलं, हे मान्य करावंच लागेल. पण ते मॅकडोनाल्ड्स नंतर झालंच. आणि आज फ्रान्स हा त्या कंपनीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. २०१२ मध्ये तर त्यांनी बॅगेट या लांबट फ्रेंच पावात घालून बर्गर विकला. कंपन्या अशाच शिरतात. मान खाली घालून, तुमचाच पाव हातात घेऊन."

मिलिंदनं आता उलटा दाखला काढला: मॉस्को. ३१ जानेवारी १९९० ला पुश्किन चौकात पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि पहिल्याच दिवशी तीस हजारांवर लोक जेवून गेले. कडाक्याच्या थंडीत चौकाला वेढा घालणारी रांग. "ते काय सगळे फसलेले होते?" त्यानं विचारलं.

काकांना त्या रांगेचे वर्तमानपत्रातले फोटो अजून आठवतात, म्हणून ते यात रमले. मॅकडोनाल्ड्सच्या कॅनडा शाखेचे जॉर्ज कोहन १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या मागे लागलेले. परवानगी मिळाली, पण माल कुठून आणणार? हवे तसे बटाटे नाहीत, हवा तसा पाव नाही. शेवटी शहराबाहेर स्वतःचा कारखाना काढला. मांस, पाव, दूध, बटाटा, सगळं एका छपराखाली. नोकरीसाठी हजारोंनी अर्ज आले. काउंटरवरच्या पोरांना गिऱ्हाइकाकडे बघून हसायला शिकवलं होतं, आणि दुकानदाराच्या तुसडेपणाची सवय असलेल्या लोकांना त्या हसण्याचंच नवल वाटलं.

"आणि २०२२ मध्ये काय झालं?" अनघा म्हणाली. "युक्रेनवर हल्ला झाला, कंपनीनं ८०० वर दुकानं एका रशियन उद्योजकाला विकली आणि चालती झाली. जूनमध्ये त्याच जागी नवं नाव, नवा फलक. तीस वर्षांचं प्रेम एका करारात संपलं. यांची मुळं अशीच असतात, वरवरची."

मला हे पटत नाही. वरवरचं असतं, तर त्याच जागांत, बऱ्याचशा त्याच माणसांना घेऊन, जवळपास तसाच मेनू पुन्हा चालला नसता. फलक गेला, सवय राहिली. त्या सवयीला परदेशी म्हणायचं की रशियन, हे ठरवणं मला तरी अवघड वाटतं. जपानचंच बघा ना. केएफसीनं १९७४ मध्ये नाताळची जाहिरात केली आणि तेव्हापासून तिथली कितीतरी कुटुंबं डिसेंबरात चिकनची बादली आगाऊ नोंदवून ठेवतात. दुकानाबाहेरच्या केएफसीच्या संस्थापकाच्या, कर्नल सँडर्सच्या पुतळ्याला सांताक्लॉजचे कपडे चढतात. १९८५ मध्ये ओसाका परिसरातला बेसबॉल संघ हानशिन टायगर्स जिंकला, तेव्हा चाहत्यांनी संघातल्या रँडी बास या दाढीवाल्या अमेरिकी खेळाडूच्या जागी कर्नलचा पुतळा उचलला आणि आनंदानं ओसाकातल्या दोतोनबोरी कालव्याच्या पाण्यात टाकला. पुढे संघ हरत राहिला आणि कर्नलचा शाप लागला असं लोक म्हणू लागले. २००९ मध्ये पुतळा गाळातून वर निघाला. संघाला जपान सीरिज, म्हणजे तिथलं बेसबॉलचं अजिंक्यपद, पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं. केंटकीचा म्हातारा ओसाकाच्या दंतकथेत जाऊन बसला. तिथं कुणी त्याला पाहुणा समजत नाही.

"म्हणजे चांगलंच म्हणायचं का हे?" अनघानं रोखून विचारलं.

"चांगलं-वाईट नंतर. आधी ते घडतंय कसं ते बघ," असं मी म्हणेपर्यंत सुहास बोलला. तो मेलबर्नला शिकत असताना अशाच एका चेनच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करायचा, आणि एरवी या विषयावर गप्प असतो.

"तुम्ही सगळे काउंटरच्या बाहेरून बोलताय," तो म्हणाला. "आत काय असतं सांगू? टायमर. फ्रायरचा वेगळा, ग्रिलचा वेगळा, पावाचा वेगळा, आणि हात धुवायची आठवण करून देणाराही. सगळे वेगवेगळ्या सुरात बोंबलतात. घरी येऊन झोपलो तरी कानात तेच. बास्केट वर उचलायची, तेल निथळू द्यायचं, मीठ टाकायचं, पुडा भरताना चमचा तिरका धरायचा. काही मिनिटांत विकलं गेलं नाही तर टाकून द्यायचं. टाकताना जीव तुटायचा माझा. माझ्याबरोबर एक नेपाळी, एक सुदानी, एक तिथलीच शाळकरी मुलगी. बाहेर कुणी घोषणा दिल्या की शिव्या ऐकायला काउंटरवर ती सोळा वर्षांची पोरगी उभी. मालक शहरातलाच एक कुटुंबवत्सल माणूस, डोक्यावर कर्ज."

इथं सगळेच जरा थांबले. सुहासच्या बोलण्यानं चर्चेचं तोंड फिरलं, कारण जगभरातली मॅकडोनाल्ड्स सुमारे ९५ टक्के फ्रँचायझीवर चालतात, म्हणजे फलक कंपनीचा आणि दुकान तिथल्याच कुणाचं तरी. २०२३ च्या ऑक्टोबरात इस्रायलमधल्या फ्रँचायझीवाल्यानं सैनिकांना फुकट जेवण दिलं आणि मुस्लिमबहुल देशांत बहिष्कार पेटला. कुवेत, ओमान, मलेशिया, तुर्कस्तान, पाकिस्तान, ठिकठिकाणच्या चालकांना 'आमचा त्याच्याशी संबंध नाही' असं जाहीर करावं लागलं, काहींनी गाझासाठी देणग्या दिल्या. पुढच्या वर्षी कंपनीनं इस्रायलमधली २२५ दुकानं स्वतःकडे घेतली. बहिष्कार टाकणाऱ्याचा हेतू मी कमी लेखणार नाही. पण त्याची झळ सगळ्यात आधी त्याच्याच गल्लीतल्या कामगाराला बसते, हे माहीत असायला हवं.

"मग करायचं काय? बघत बसायचं?" अनघा विचारत होती ते अगदी योग्य होतं.

सुहास म्हणाला, "मेलबर्नकरांनी काय केलं? काही नाही. इटालियन आणि ग्रीक लोकांनी तिथं आधीच इतकी चांगली कॉफी पाजून ठेवली होती की स्टारबक्सला २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातली ८४ पैकी ६१ दुकानं बंद करावी लागली. मोर्चा नाही, काचफोड नाही." डॉमिनोजचंही इटलीत तेच झालं. २०१५ मध्ये मिलानला सुरुवात, ८०० वर दुकानांची स्वप्नं, आणि २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. घरपोच पिझ्झा हे त्यांचं बलस्थान. टाळेबंदीत कोपऱ्यावरचे पिझ्झेरियासुद्धा डिलिव्हरी ॲपवर आले आणि ते बलस्थानच उरलं नाही. आइसलँडमध्ये तर बँका कोसळल्या आणि चलन गडगडलं म्हणून मॅकडोनाल्ड्स २००९ मध्ये गेलं. नियमाप्रमाणे माल जर्मनीहून यायचा. किलोभर कांद्याला चांगल्या व्हिस्कीच्या बाटलीएवढे पैसे पडतात, असं चालवणाऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं. कांद्यासाठी दुसऱ्या देशावर अवलंबून असलेलं दुकान चलन पडल्यावर कसं तगणार?

अनघाचं यावर समाधान झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं. "चांगलं खाऊ घालणारा दरवेळी टिकतोच असं नाही. भाडं परवडलं नाही की तो आधी उठतो. मोक्याची जागा ज्याच्याकडे पैसा त्याला," ती म्हणाली.

हा तिचा मुद्दा खरा वजनाचा. म्हणूनच मला या सगळ्या झगड्यांत वाहाकाची गोष्ट जवळची वाटते. २००२ मध्ये मेक्सिकोतल्या त्या शहराच्या जुन्या मुख्य चौकात, सोकालोत, मॅकडोनाल्ड्स येणार होतं. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो पुढे झाला. केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे तामालेस चौकात फुकट वाटले. लोक आले, खाल्ले, सह्या केल्या. डिसेंबरात नगरपालिकेनं परवानगी नाकारली. काच फुटली नाही, कुणाला हिणवलं नाही, आणि दाद मागितली ती जिच्या हातात निर्णय होता त्या नगरपालिकेकडे. शहराच्या इतर भागांत चेन आहेत, ज्याला खायचं तो खातो. प्रश्न फक्त त्या एका चौकाचा होता.

मिलिंदला हे पटलं. त्यानं फ्लॉरेन्सची भर घातली: २०१६ मध्ये तिथल्या महापौरांनी कॅथेड्रलच्या चौकात मॅकडोनाल्ड्सला नकार दिला, कंपनी १ कोटी ७८ लाख युरोंची भरपाई मागायला कोर्टात गेली. "असा नकार द्यायला दम लागतो," तो म्हणाला.

"आणि व्हॅटिकनशेजारी?" काकांनी विचारलं. "सेंट पीटर चर्चपासून दोन पावलांवर, बोर्गो पिओ या रस्त्यावर. तिथं तर इमारत चर्चच्याच मालकीची. वर कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, राहायचे, त्यातल्या काहींनी विरोध केला. तरी गाळा भाड्यानं दिला, आणि २०१६ च्या शेवटी दुकान उघडलं."

"म्हणजे मी मिलिंदशी नाही, घरमालकाशी भांडायला हवं होतं," अनघा म्हणाली.

"घरमालकाशी, आणि परवाना देणाऱ्याशी," सुहास म्हणाला. "आणि तेही करार व्हायच्या आधी. नंतर दारात फक्त ती सोळा वर्षांची पोरगी असते."