‘गोळी म्हणजे दुसरं व्यसनच’ हे फॉरवर्ड करण्याआधी जरा वाचा

सध्या एक मेसेज फिरतोय की हेरॉइन सोडायला डॉक्टर ज्या गोळ्या देतात ते म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावणं, त्यापेक्षा दहा दिवस खोलीत कोंडा, अंगातलं विष निघालं की माणूस बरा. पहिलं चूक आहे आणि दुसरं तर थेट जिवावर बेतणारं.

या गोळ्यांमधलं एक औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या जागेवर) हेरॉइन बसतं, त्याच जागेवर हेही जाऊन बसतं हे खरं, पण काम अर्धवटच करतं, डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे असर वाढत नाही आणि तो बराच वेळ टिकतो, त्यामुळे तलफ, घाम, जुलाब, अंगदुखी सगळं आटोक्यात राहतं नि माणूस कामाला लागतो. (गोळी जिभेखाली विरघळवायची हं, गिळली तर फारसा उपयोग नाही.) हे औषध आणि याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. शरीराला गोळीची सवय होते, एकदम बंद केली तर त्रास होतो, मान्य. पण घरदार सोडून तिच्यामागे धावावं लागत नाही ना!

आता ते कोंडणं. दहा दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र तशीच, मग बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास बंद पडू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येते ती वेगळीच. हेरॉइनचा असर अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाचा पर्याय आहे, पण त्याआधी साधारण ७ ते १० दिवस अफूच्या जातीचं काहीच घेतलेलं नसावं लागतं, आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं.